आयटी पार्कात विद्यापीठ कुठे असतं?

गवती_चहा

मंडळी, गेल्या महिन्यात कामासाठी चेन्नईला गेलो होतो. तारामणीला आयआयटी मद्रासचा रिसर्च पार्क आहे, तिथल्या एका कंपनीत दोन दिवस बैठक होती. जेवताना तिथला माणूस सहज म्हणाला, "यंदा आमचे क्रेडिट कमी पडतायत." मला वाटलं बँकेचं काहीतरी असेल. तसं नव्हतं. त्या पार्कात जागा घेतली की आयआयटीशी काम करून क्रेडिट कमवावे लागतात. संयुक्त संशोधन करा, प्राध्यापकांचा सल्ला घ्या, विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घ्या, सगळ्याचा हिशेब ठेवला जातो. नुसतं भाडं भरून काचेमागे बसायची सोय नाही. जागा राज्य सरकारने दिलेली, अकरा-साडेअकरा एकर. पहिला टप्पा २०१० चा, आणि या सगळ्यामागे आयआयटीचेच प्रा. अशोक झुनझुनवाला यांचा बराच आग्रह. त्याच तारामणीत टायडेल पार्कही आहे, २००० सालचा. तो आपल्या ओळखीचा: मोठी इमारत, मोठं पार्किंग, गळ्यात पट्टे.

मी पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कात सतरा वर्षं काढली. एवढ्या काळात विद्यापीठाचा माणूस मला पार्कात एकदाच भेटला, तोही मुलाखत द्यायला आला होता.

हेन्री एट्झकोविट्झ आणि लोएट लेडेसडॉर्फ या दोन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात 'ट्रिपल हेलिक्स' अशी मांडणी केली. विद्यापीठ, सरकार आणि उद्योग एकमेकांत गुंफले जातात आणि त्यातून नवं काही उगवतं, असं ते म्हणतात. मी त्याला तिपेडी वेणी म्हणतो. आता प्रश्न असा की हिंजवडीत तिसरा पेड कुठे आहे? आणि नसला तर बिघडलं काय? नोकऱ्या तर लाखांनी आल्याच ना?

वाकडचा_वनवासी

आत्ताच कॅबमध्ये बसलोय. भूमकर चौक आला की सविस्तर लिहितो.

बाँडेड_बाबू

"पार्क" या शब्दातच गंमत आहे. १९९१ साली केंद्र सरकारने एसटीपीआय, म्हणजे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था काढली, त्यातला पार्क कागदावरचा होता. तुमची कंपनी एखाद्या बोळात, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर ऑफिस अशी का असेना, नोंदणी झाली की ती "पार्कात". मिळायचं काय? निर्यातीच्या नफ्यावर आयकर माफ, आणलेल्या यंत्रांवर सीमाशुल्क माफ आणि उपग्रहावरून ६४ केबीपीएसची लाइन. हो, ६४. आख्खी कंपनी त्यावर. आज एका फोटोला तेवढ्यात घाम फुटेल.

बदल्यात आख्खं ऑफिस कायद्याच्या भाषेत बाँडेड गोदाम, म्हणजे सीमाशुल्क न भरलेला माल सरकारी देखरेखीखाली ठेवायची जागा. आमचा एक मॉनिटर बिघडला, तर तो टाकून देण्यापेक्षा ठेवून घेणं सोपं म्हणून तीन वर्षं कोपऱ्यात होता. शेवटी त्यावर मनीप्लँट चढवला.

२००५ ला सेझचा, म्हणजे आयकर सवलत मिळणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्रांचा, कायदा आला आणि एसटीपीआयची आयकर सवलत ३१ मार्च २०११ ला संपली. कंपन्यांनी जुन्या इमारती सोडून सेझमध्ये बिऱ्हाड का हलवलं, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं. हिंजवडीचे पुढचे टप्पे आणि खराडी त्या काळात फुगले. इमारती कुठे उभ्या राहायच्या हे आयकराच्या कलमाने ठरवलं, आणि त्या कलमात विद्यापीठ हा शब्दच नव्हता. मग ते येणार कुठून?

चिमणराव_४०४

मनीप्लँट निर्यात केला का शेवटी?

बाँडेड_बाबू

त्याला सवलत नव्हती.

टेकडीवरचा_निवांत

गवती_चहा, उत्तर जमिनीत आहे. पहिलं नामांकित उदाहरण स्टॅनफर्डचं. लेलँड स्टॅनफर्डने विद्यापीठाला आठ हजारांवर एकर दिली, पण अट घातली की विकायची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठाला पैशांची चणचण. विकता येत नाही म्हटल्यावर भाड्याने द्यायची ठरली आणि १९५१ मध्ये पार्क सुरू झाला. पहिला भाडेकरू व्हेरियन असोसिएट्स. हे व्हेरियन बंधू स्टॅनफर्डमध्येच क्लायस्ट्रॉन ही सूक्ष्मलहरींची नळी तयार करून बाहेर पडलेले. मग हेवलेट-पॅकार्ड आले, ते दोघे फ्रेडरिक टर्मन यांचे विद्यार्थी. टर्मन तेव्हा अभियांत्रिकीचे डीन होते आणि पार्कात कोण येणार यावर त्यांचं बारीक लक्ष असे.

जमीनमालक विद्यापीठ असल्यामुळे भाडेकरू निवडायचा हक्क विद्यापीठाचा होता. आपल्याकडे जमीनमालक एमआयडीसी. तिने तिच्या पद्धतीने भाडेकरू निवडले. संपलं.

कागदपत्र_काका

निवांतराव, अर्धं सहमत. एमआयडीसीसुद्धा भूखंड विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. म्हणजे भाडेपट्टा आपल्याकडेही होता आणि मालकाच्या हातात अटी घालायची लेखणीही होती. अटी घातल्या त्या किती दिवसांत बांधकाम पूर्ण करणार, किती गुंतवणूक, वापर कशासाठी. भोसरीच्या कारखान्याला ज्या प्रकारची कलमं, त्याच प्रकारची आयटीला. १९६२ पासून लेथ मशीनवाल्यांना भूखंड देऊन देऊन बसलेला हात एकदम संशोधनाची अट कशी लिहील? तिथे दोष देण्यासारखं काही नाही, त्यांना काम दिलं होतं ते त्यांनी चोख केलं. पिंपरी-चिंचवड उभं राहिलं ते त्याच हाताने.

शिवाय खासगी आयटी इमारतींना राज्याच्या धोरणात जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम. एफएसआय म्हटलं की बिल्डर जागा होतो, संशोधक नाही.

टेकडीवरचा_निवांत

९५ वर्षांचा मुद्दा मान्य. मालकीपेक्षा मालकाला काय हवंय ते महत्त्वाचं, असं म्हणू.

ऊस_ते_अ‍ॅप

मी त्याच पट्ट्यातल्या एका गावचा. सगळे स्टॅनफर्डला जाऊन आलात, आता मुळशी तालुक्यात या.

हिंजवडीत आधी साखर कारखाना व्हायचा होता. शरद पवारांनी स्वतः जाहीर भाषणांत सांगितलंय की कारखान्याच्या कार्यक्रमाला गेले आणि तिथेच म्हणाले, कारखाना दुसरीकडे न्या, इथे आयटी आणू. कारखाना मग कासारसाईला झाला. त्या क्षणी वेणी कसली नि काय कसली, एका राजकारण्याचा अंदाज होता आणि तो खरा ठरला. तेव्हा कुठल्या कुलगुरूला विचारायला बसले असते तर अजून समितीच चालू असती.

आमच्या घरचं सांगतो. आजोबांची साडेतीन एकर गेली. पैसे आले, त्यात दोन चुलत्यांची घरं, एक स्कॉर्पिओ आणि एक कोर्टकज्जा. बाबांनी उरलेल्या तुकड्यावर पोरांसाठी खोल्या काढल्या. अजून भाडं येतं, त्यावर मी बीई झालो. आता मी त्याच जमिनीवर बारा मजले उंच बसून कोड लिहितो. खिडकीतून विहीर दिसायची ती बुजवली. तक्रार नाही, पण तुमच्या त्या वेणीत गावाचा पेड कुठे असतो? तीन जणांत जमीन कुणाचीच नव्हती की हो.

मगरपट्ट्याचं उदाहरण म्हणून लोक हळवे होऊन सांगतात ते उगाच नाही. तिथे सुमारे ४०० एकर, शंभरावर शेतकरी कुटुंबं. जमीन विकली नाही, एकत्र केली, कंपनी काढली आणि स्वतः भागधारक झाले. आतला आयटीचा भाग त्यांनीच भाड्याने दिला. तिथेही विद्यापीठ नव्हतं, पण मालक जाग्यावर होता.

गवती_चहा

ऊस_ते_अ‍ॅप, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे. बारा मजल्यांवरच्या खिडकीचं कायम लक्षात राहील.

मावळती_दिशा

+१. वाचनखूण साठवली.

शिंचूतला_पाहुणा

तैवानमध्ये शिंचूला पाच वर्षं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

इथला पार्क डिसेंबर १९८० चा. जागा मुद्दाम दोन विद्यापीठांच्या, छिंगह्वा आणि चिआओतुंगच्या, कुशीत निवडली. सरकारी संशोधन संस्था आयटीआरआय १९७३ पासून शेजारी होतीच. पार्कचा कारभार उद्योग खात्याकडे न देता राष्ट्रीय विज्ञान परिषदेकडे दिला, आणि यामुळे खूप फरक पडला. कागदपत्र_काका म्हणतात तो लेखणीचा मुद्दा हाच. विज्ञान परिषद अर्ज वाचते तेव्हा ती विचारते की तुम्ही संशोधन काय करणार. जमीन सरकारची, कंपनीला फक्त भाड्याने.

पण एक गैरसमज दूर करतो. प्राध्यापकांनी शोध लावले आणि कंपन्या निघाल्या, असं इथे झालेलं नाही. आयटीआरआयने १९७६ ला अमेरिकेच्या आरसीएकडून चिपचं तंत्रज्ञान घेतलं, तरुण इंजिनिअरांची तुकडी तिकडे शिकायला पाठवली. ती परत आली, प्रायोगिक कारखाना चालवला, आणि १९८० ला यूएमसी ही चिप कंपनी बाहेर पडली. १९८५ ला मॉरिस चांग अमेरिकेतून आयटीआरआयचे प्रमुख म्हणून आले आणि १९८७ ला टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी निघाली. पैसा सरकारचा, फिलिप्सचा आणि काही स्थानिक उद्योगांचा. त्यातल्या काही उद्योगपतींना गळ घालून बसवावं लागलं होतं. संस्थेतली माणसं थव्याने कंपनीत गेली आणि संस्थेने त्यांना जाऊ दिलं. आपल्याकडच्या एखाद्या प्रयोगशाळेतून पन्नास शास्त्रज्ञ एकदम बाहेर पडले तर आधी चौकशी बसेल.

विद्यापीठांनी काय केलं? माणसं घडवली. आणि ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शेजाऱ्याइतकी जवळ होती. आमचा मॅनेजर बुधवारी संध्याकाळी चिआओतुंगला शिकवायला जातो, चालत. त्याचा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी आमच्या लॅबमध्ये असतो. हे चालत जाणं कुठल्याही कराराने होत नाही.

आणखी एक. अमेरिकेतून परतणाऱ्यांच्या मुलांना चिनी लिहिता येत नव्हतं, म्हणून पार्कातच द्विभाषिक वर्ग असलेली शाळा काढली. सरकारने उद्योगांसाठी केलेल्या कामात मला हे सर्वांत शहाणपणाचं वाटतं. इंजिनिअर पगारासाठी येतो, बायको-मुलं शाळेसाठी टिकतात.

आता दुसरी बाजू. २०२१ ला मोठा दुष्काळ पडला. चिपच्या कारखान्यांना पाणी मिळावं म्हणून शेतीचं पाणी तोडलं, भरपाई दिली. टँकर कारखान्यांच्या दारात रांगेत. ऊस_ते_अ‍ॅप, तुमचा चौथा पेड इथेही बाहेरच बसलेला होता.

चिमणराव_४०४

तिकडे मॅनेजर चालत विद्यापीठात जातो. इकडे फेज तीन ते विद्यापीठ चौक चालतच गेलं तर लवकर पोचतो.

वाकडचा_वनवासी

भूमकर चौक आला. पण मोबाइलची बॅटरी १२ टक्के आहे. थोडक्यात: विद्यापीठ आणि हिंजवडीचा संबंध नाही कसं म्हणता? हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडला. एवढा थेट परिणाम स्टॅनफर्डलाही जमला नसेल.

संपादक_मंडळ

मेट्रो कधी सुरू होणार या विषयावर चार धागे आहेत. इथे नको.

प्रा_खडूडस्टर

एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, नाव विचारू नका. आमच्या बाजूने थोडं.

आमच्याकडे कंपन्यांशी झालेले एकतीस सामंजस्य करार आहेत. मुख्याध्यापकांच्या, माफ करा, प्राचार्यांच्या केबिनबाहेर फोटो लावलेत: शाल, श्रीफळ, हस्तांदोलन. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, अहवालात चालू करारांची संख्या भरायची असते म्हणून दरवर्षी दोन-तीन वाढतात. त्यातल्या किती कंपन्यांचा माणूस दुसऱ्यांदा आला? एका हाताची बोटं पुरतात.

कंपनीला आमच्याकडून काय हवं असतं? ऑगस्टमध्ये तीनशे मुलं. ती कुठल्या शाखेची याच्याशी देणंघेणं नाही, सिव्हिलचा असला तरी चालतो, कारण ते नंतर स्वतः शिकवतात. इन्फोसिसने तर म्हैसूरला आख्खं शिक्षण केंद्र उभारलंय. म्हणजे विद्यापीठाचं काम कंपनीने केलं आणि आम्ही राहिलो चाळणी. मुलं गाळून द्यायची.

आम्हालाही ते सोयीचं पडलं हे कबूल करतो. प्लेसमेंटचा आकडा जाहिरातीत छापता येतो. संशोधनाचा छापून कोण प्रवेश घेतं?

बाणेरची_बाय

प्रोफेसर, प्रामाणिकपणाबद्दल हॅट्स ऑफ. पण सगळेच जण पुण्याला उगाच झोडताय. पुण्यात वेणी आहे, फक्त ती हिंजवडीत नाही, पाषाण रस्त्यावर आहे. एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० पासून. तिच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून, तिथे रसायन, जीवशास्त्र, वैद्यकीय उपकरणं यांतल्या लहान कंपन्या प्रयोगशाळेची बाकं भाड्याने घेतात. शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, २००६ ची. पलीकडे डीआरडीओच्या प्रयोगशाळा, हवामानाची संस्था. विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आणि संगणकाची सी-डॅक. १९८८ ला सी-डॅक निघालं आणि १९९१ ला परम ८००० हा महासंगणक तयार. वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था, वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळून १९६६ ला काढलेली. पुण्यातल्या गाड्यांच्या कारखान्यांना तिचा उपयोग किती झाला हे चाकणवाल्यांना विचारा.

यातल्या कशावरही "पार्क" अशी पाटी नाही. जिथे पाटी आहे तिथे वेणी नाही. मी स्वतः व्हेंचर सेंटरमधल्या एका छोट्या कंपनीत होते. आमच्याकडे अठरा लाखांचं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती, एनसीएलचं तासावर मिळायचं. त्या एका सोयीने आमची दोन वर्षं वाचली. पार्क म्हणजे मला विचाराल तर दुसऱ्याचं यंत्र तासावर वापरायला मिळणं.

कॅरीकर

अमेरिकेतून. नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल पार्कजवळ राहतो. तीन कोपऱ्यांवर तीन विद्यापीठं, म्हणून ट्रँगल. हे राज्य तंबाखू, कापड आणि फर्निचरवर जगणारं. शिकलेली मुलं बाहेर जात होती म्हणून राज्यपाल लूथर हॉजेस, स्थानिक बँकवाले आणि विद्यापीठं एकत्र आली, १९५९ ला पार्क झाला. लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे पहिली पाच-सहा वर्षं जवळपास शुकशुकाट होता. १९६५ ला आयबीएम आलं तेव्हा कुठे जीव आला. म्हणजे तिन्ही पेड असूनही वेणी लगेच वळत नाही, आणि आपण पाच वर्षांत निवडणूक लढतो.

वाईट बाजू: झाडी छान, पण आत वस्ती नाही, चहा प्यायलाही गाडी काढा. दशकानुदशकं असंच होतं. त्यामानाने हिंजवडीच्या टपऱ्या हे जागतिक दर्जाचं नियोजन म्हणायचं.

चिमणराव_४०४

फेज एकच्या टपरीवर जेवढे स्टार्टअप जन्मले आणि मेले तेवढे तुमच्या तिन्ही विद्यापीठांत मिळून नसतील.

ऊस_ते_अ‍ॅप

त्यातली एक टपरी आमच्या चुलत्याची आहे. उधारीची वही दाखवतो, सगळा इतिहास त्यात आहे.

कागदपत्र_काका

बाणेरची_बाय यांचा मुद्दा सर्वांत कामाचा. आणि त्यावरून गवती_चहांच्या मूळ प्रश्नाकडे: बिघडलं काय? माझं मत, नोकऱ्यांच्या बाबतीत काही बिघडलं नाही. बिघडलं ते असं की काम बाहेरून ठरून येतं. ते तिकडे ठरलं नाही तर इथली माणसं रिकामी. शेजारी संशोधन करणारं कुणी असतं तर निदान काही काम इथे सुचलं असतं. शिंचूत तसं सुचत गेलं, चाळीस वर्षं.

टेकडीवरचा_निवांत

पण काका, चेन्नईचं क्रेडिटचं कलम हिंजवडीत आज लावलं तर? कंपन्या दोन गेस्ट लेक्चर ठेवतील, फोटो काढतील, क्रेडिट घेतील. प्रोफेसरांची भिंत अजून भरेल.

प्रा_खडूडस्टर

भिंत संपली आहे. जिन्यात लावतोय आता.

गवती_चहा

एवढं वाचून माझा प्रश्नच बदलला. मी "विद्यापीठ का नाही" असं विचारत होतो. बाणेरची_बाय यांचं तासावरचं यंत्र आणि शिंचूच्या मॅनेजरचं चालत जाणं डोक्यात बसलंय. दोन्ही गोष्टींना धोरण लागत नाही, अंतर कमी लागतं.

आमच्या मजल्यावर उपकरणं तपासायची एक लॅब आहे. शनिवार-रविवार कुलूप. परवा सहज साहेबांना विचारलं, जवळच्या कॉलेजची सात-आठ मुलं शनिवारी आली तर? साहेब नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, सेझ आहे, आत येणाऱ्याचा पास आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद लागते, तेवढं बघून घे. प्रोफेसर, तुमचं कॉलेज हिंजवडीपासून किती लांब?

प्रा_खडूडस्टर

सकाळी सातला निघालो तर पंचवीस मिनिटं. नऊला निघालो तर सांगता येत नाही. मुलं आहेत, आठ नाही पण पाच नक्की येतील. व्यनि करतो. करार मात्र करू नका, प्लीज.

बाँडेड_बाबू

मुलांनी स्वतःचे लॅपटॉप आणले तर गेटवर आत येतानाच नोंदवून घ्या. नाहीतर परत जाताना ते तुमचे ठरतील.

वाकडचा_वनवासी

घरी पोचलो, चार्जिंगला लावलं. शिंचूपर्यंत वाचलंय. काय ठरलं?

चिमणराव_४०४

शनिवारी सकाळी सातला. तू आत्ताच निघ.